विंडोज टाकताना एडिशन कोण ठरवतं आणि चाचणीचं बिल्ड आधीच कसं ओळखायचं?

प्रश्न तासगावात दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका मित्राचा आहे. त्यांच्याकडे दोन मशीन आली आहेत. पहिला लॅपटॉप. त्यावर विंडोज ११ प्रो टाकायचं होतं, पण सेटअपने एडिशनची यादी दाखवलीच नाही, न विचारता होम सिंगल लँग्वेज बसवलं. दुसरा बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा डेस्कटॉप. त्यावर ओळखीच्या माणसाकडून आणलेल्या वेगळ्या पेन ड्राइव्हवरून प्रो टाकलं, विकत घेतलेली प्रॉडक्ट की (लायसन्सचा पंचवीस अक्षरांचा क्रमांक, पुढे नुसतं ‘की’) घातली, ॲक्टिव्हेशनही झालं. तरी खाली उजव्या कोपऱ्यात ‘इव्हॅल्युएशन कॉपी’ आणि पुढे बिल्ड क्रमांक, म्हणजे विंडोजच्या त्या नेमक्या घडणीचा क्रमांक, हे जातच नाही. ते विचारतायत, प्रॉडक्ट की चुकीची लागली का, दुसरी घेऊ का?

आधी उत्तर देतो, कारण गिऱ्हाईक तुमच्यासमोर बसलेलं असणार. दुसरी की घेऊ नका. दोन्ही मशीनचं दुखणं वेगळं आहे, आणि डेस्कटॉपच्या दुखण्याचा कीशी संबंधच नाही.

एडिशन, म्हणजे होम, प्रो, एज्युकेशन, ही एक ओळख झाली. ते विंडोज पूर्ण झालेलं, सगळ्यांसाठी सोडलेलं आहे की अजून चाचणीत आहे, ही दुसरी. या दोन ओळखी वेगवेगळ्या ठिकाणी नोंदलेल्या असतात आणि वेगवेगळ्या वेळी वाचल्या जातात. कीने एडिशन बदलते, बिल्ड बदलत नाही. सांगलीत माझ्या टेबलावर अशी जी मशीन येतात, त्यातल्या बहुतेकांचा घोळ या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे झालेला असतो.

आता लॅपटॉप. पेन ड्राइव्हमधल्या ‘सोर्सेस’ फोल्डरात ‘इन्स्टॉल.विम’ किंवा ‘इन्स्टॉल.ईएसडी’ नावाची मोठी फाइल असते. सगळ्या एडिशन त्या एकाच फाइलमध्ये असतात. बेदाण्याच्या एकाच ढिगातून वेगवेगळ्या लेबलांचे बॉक्स भरावेत तसा हा प्रकार आहे. एडिशनांमध्ये सामाईक असलेल्या फाइली आत एकदाच साठवलेल्या असतात आणि प्रत्येक एडिशनची फक्त यादी वेगळी असते. म्हणून दहा-अकरा एडिशन असूनही फाइल दहापट होत नाही. प्रत्येक यादीला क्रमांक असतो आणि सोबत एक छोटं माहितीपत्रक असतं. त्यात एडिशनचं आतलं नाव, आर्किटेक्चर, भाषा आणि बिल्ड क्रमांक लिहिलेला असतो. आतली नावं बाहेरच्यापेक्षा वेगळी आहेत. होमला ‘कोअर’ म्हणतात, होम सिंगल लँग्वेजला ‘कोअरसिंगललँग्वेज’ आणि प्रोला ‘प्रोफेशनल’. लॉगमध्ये किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) ‘कोअर’ दिसलं तर ते होम आहे हे लक्षात ठेवा.

हे माहितीपत्रक वाचायला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. चालू विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘डिस्म’ या विंडोजमधल्याच कमांडला ‘गेट-विमइन्फो’ हा पर्याय द्या आणि फाइलचा पत्ता द्या. आतल्या एडिशनांची यादी येते. त्यालाच यादीतला क्रमांक जोडला की त्या एडिशनचा बिल्ड क्रमांकही दिसतो. सेव्हन-झिपने विम फाइल उघडली तर आत चौकटी कंसातल्या १ या नावाची एक्सएमएल फाइल असते, त्यातही हेच सगळं आहे. कुणाकडूनही आलेला पेन ड्राइव्ह मी आधी असा वाचतो, मगच गिऱ्हाइकाच्या मशीनला लावतो.

यादीतली नेमकी कुठली एडिशन बसवायची हे सेटअप ठराविक क्रमाने ठरवतो. पहिला मान उत्तरपत्रिकेचा, म्हणजे ‘अनअटेंड’ फाइलचा, आणि ‘सोर्सेस’ फोल्डरातल्या दोन छोट्या मजकूर फाइलींचा. ‘ईआय.सीएफजी’मध्ये एडिशन, चॅनेल म्हणजे ओईएम (मशीनसोबत आलेलं) की रिटेल (सुटं विकत घेतलेलं), आणि व्हॉल्यूम लायसन्स (संस्थांना घाऊक दिलेलं) आहे की नाही, एवढ्याच गोष्टी असतात. ‘पीआयडी.टीएक्सटी’मध्ये थेट की लिहिलेली असते. या फाइली नसतील तर सेटअप मशीनच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये, की शोधतो. तिथेही सापडली नाही तरच तो तुम्हाला विचारतो.

तुमच्या लॅपटॉपवर नेमकं हेच झालं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून कंपन्या की स्टिकरवर न छापता मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, ‘एमएसडीएम’ नावाच्या तक्त्यात ठेवतात. आपल्याकडच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपांत बहुधा होम सिंगल लँग्वेज असतं. सेटअपने ती की वाचली आणि न विचारता तीच एडिशन घेतली. सेटअप त्याच्या नियमाने बरोबर वागलाय, पेन ड्राइव्हही चांगला आहे.

तुमच्या लॅपटॉपमध्ये खरोखर कुठली की आहे हे पॉवरशेलमधून बघता येतं. ‘सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिस’ या वर्गाची माहिती मागवा. त्यात ‘ओए३एक्स’ने सुरू होणारी दोन नावं दिसतील. एकात की असते, दुसऱ्यात तिचं वर्णन, आणि वर्णनात एडिशनचं आतलं नाव असतं. लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह लावला तर एसीपीआयच्या, म्हणजे फर्मवेअर सिस्टिमला माहिती देतं त्या तक्त्यांमध्ये ‘एमएसडीएम’ नावाची फाइल सापडते. हार्ड डिस्क पूर्ण गेली असेल तेव्हा हा दुसरा रस्ता फार उपयोगी पडतो.

इथे थोडं थांबतो, कारण आपल्या भागासाठी हे महत्त्वाचं आहे. २०१९च्या महापुरानंतर सांगलीत पाण्यात राहिलेली मशीन मोठ्या संख्येने दुरुस्तीला आली. विंडोज ७च्या काळातल्या लॅपटॉपांखाली कीचं स्टिकर असायचं, ते पाण्याने आणि घासण्याने वाचण्याजोगं उरलं नव्हतं. नव्या लॅपटॉपांत की बोर्डमध्ये होती, पण बोर्डच सडला आणि बदलावा लागला तर की त्याच्यासोबत गेली. बदललेल्या बोर्डात दुसऱ्याच एडिशनची की असू शकते किंवा काहीच नसू शकतं, आणि मग त्याच पेन ड्राइव्हवर सेटअप वेगळा वागतो. डिजिटल लायसन्सही (मायक्रोसॉफ्टकडे मशीनच्या नावे असलेली ॲक्टिव्हेशनची नोंद) मुख्यतः बोर्डाशी बांधलेलं असतं. म्हणून कोल्हापूर रोडला असो की गावभागात, पाण्याच्या पट्ट्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगतो: मशीन चालू आहे तोवरच एडिशन आणि की कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद उंचावर ठेवा.

कीबद्दल अजून एक. पंचवीस अक्षरांच्या कीमध्ये ती कुठल्या गटातली आहे हे गुंफलेलं असतं. कुठला गट म्हणजे कुठली एडिशन आणि कुठलं चॅनेल, याचा तक्ता विंडोजसोबतच येतो, त्या फाइलचं नाव ‘पीकेकॉन्फिग’. सेटअप इंटरनेट नसतानाही की उकलून एडिशन ठरवू शकतो तो यामुळेच. पण याचा दुसरा अर्थही आहे. सेटअपने की स्वीकारली म्हणजे ती की खरी आणि न वापरलेली आहे असं सिद्ध होत नाही. तो निवाडा नंतर ॲक्टिव्हेशन सर्व्हरकडे होतो. स्वस्तात मिळालेली की सेटअपमध्ये चालली म्हणून गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन मोकळे होऊ नका, ॲक्टिव्हेशनचं पान बघा.

की वाचतानाही याचा उपयोग होतो. तिच्यात ठराविकच अक्षरं येतात: बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के, एम, पी, क्यू, आर, टी, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, आणि आकडे २, ३, ४, ६, ७, ८, ९. विंडोज ८ पासूनच्या कीमध्ये एन हे अक्षरही येतं. स्वर नाहीत, ०, १, ५ नाहीत, एस आणि झेडही नाहीत. पुसट स्टिकरवर ५ दिसत असेल तर ते ५ नाही, दुसरं काहीतरी आहे. झेड वाटतो तो २ असतो. शून्य वाटतं ते डी किंवा क्यू.

मग त्या लॅपटॉपवर प्रो कसं टाकायचं? ते गिऱ्हाइकाने प्रोचं लायसन्स घेतलंय की नाही यावर आहे. घेतलं नसेल तर होम सिंगल लँग्वेजच राहू द्या. ते इंटरनेट मिळताच आपोआप ॲक्टिव्हेट होईल. जबरदस्तीने प्रो बसवलं तर मशीनकडे असलेला होमचा हक्क त्या प्रोला लागू होत नाही आणि चांगलं लायसन्स असलेला लॅपटॉप विनाॲक्टिव्हेशन होऊन बसतो. प्रोची की घेतली असेल तर पुन्हा फॉरमॅट मारायची गरजच नाही. सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘चेंज प्रॉडक्ट की’मध्ये ती घाला, विंडोज स्वतःला प्रोमध्ये बदलून घेतं आणि डेटा, प्रोग्राम जागेवर राहतात. नव्यानेच टाकायचं असेल तर पेन ड्राइव्हच्या ‘सोर्सेस’ फोल्डरात ‘पीआयडी.टीएक्सटी’ तयार करा. पहिल्या ओळीत चौकटी कंसात पीआयडी, दुसऱ्या ओळीत व्हॅल्यू, बरोबरचं चिन्ह आणि की. फर्मवेअरच्या कीपेक्षा या फाइलचा मान वरचा आहे. काम झालं की ती फाइल काढून टाका, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाच्या मशीनवर पहिल्याची की जाईल.

जुन्या विंडोजचंही सांगतो, कारण कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांत एक्सपी आणि विंडोज ७वर चालणारी यंत्रं अजून आहेत आणि ती आपल्याकडेच येतात. विंडोज ७च्या डीव्हीडीत बहुतेक एडिशन असायच्या, पण ‘ईआय.सीएफजी’ने एकच उघडी ठेवलेली असायची. ती फाइल काढली की पूर्ण यादी दिसायची. एक्सपीत विम नव्हतीच. तिथे सीडीच्या मुळाशी अगदी छोट्या खुणेच्या फाइली असायच्या, ‘विन५१आयपी’ म्हणजे प्रोफेशनल आणि ‘विन५१आयसी’ म्हणजे होम. सर्व्हिस पॅक असेल तर त्याच नावापुढे एसपी२ वगैरे लागायचं. सीडी ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम हे ‘आय३८६’ फोल्डरातल्या ‘सेटअपपी.आयएनआय’मधल्या पीआयडीच्या शेवटच्या तीन चिन्हांवरून कळायचं. ओईएम असेल तर तीच अक्षरं, व्हॉल्यूम असेल तर २७०. स्टिकरवरची की ओईएम आणि सीडी रिटेल असेल तर एक्सपी ती की घेत नाही. कारखान्यातलं मशीन घेऊन बसलात तर कीवर शंका घेण्याआधी ही फाइल बघा.

आता डेस्कटॉप. स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या खुणा, म्हणजे वॉटरमार्क, निरनिराळ्या असतात आणि दुकानात त्या सर्रास एकाच मापाने मोजल्या जातात. ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ म्हणजे लायसन्सचा प्रश्न. ‘टेस्ट मोड’ म्हणजे सही नसलेला ड्रायव्हर चालावा म्हणून कुणीतरी बूटच्या नोंदीत टेस्ट साइनिंग चालू केलंय, ते ‘बीसीडीएडिट’ने बंद होतं. विंडोज ११वर ‘सिस्टिम रिक्वायरमेंट्स नॉट मेट’ म्हणजे हार्डवेअर अटीत बसत नसताना बसवलंय. आणि ‘इव्हॅल्युएशन कॉपी’सोबत बिल्ड क्रमांक म्हणजे बहुतेक वेळा इन्सायडर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या चाचणी कार्यक्रमातल्यांना दिलेलं बिल्ड. ते बिल्डच्या आतूनच येतं, म्हणून खऱ्या कीने ॲक्टिव्हेट झाल्यावरही राहतं. तुमची की चांगली आहे. तिने तिचं काम केलं.

एक वेगळी शक्यता तपासून घ्या. मायक्रोसॉफ्ट एंटरप्राइझ एडिशनची ९० दिवसांची चाचणी प्रतही देते. ती पूर्ण झालेलं बिल्ड असते, फक्त लायसन्स मुदतीचं असतं, आणि तिची एडिशनच वेगळी, ‘एंटरप्राइझइव्हॅल’. तुमच्याकडे प्रो दिसतंय आणि प्रोची की लागलीय, म्हणजे हा प्रकार नाही. पण दुसऱ्या कुणाकडे असला तर त्यांनी लक्षात घ्यावं, ती प्रत की घालून कायमची होत नाही, पुन्हा टाकावी लागते. सर्व्हरची १८० दिवसांची प्रत मात्र ‘डिस्म’ने पूर्ण एडिशनमध्ये बदलता येते.

चाचणीचं बिल्ड ओळखायचे रस्ते सांगतो. सोपा रस्ता रन खिडकीत ‘विनव्हर’. चाचणीच्या बिल्डमध्ये तिथे मुदत संपण्याची तारीख दिसते. ती तारीख गेली की मशीन काही तासांनी आपोआप रीस्टार्ट होऊ लागतं आणि शेवटी सुरूच होत नाही. हे नवं नाही. विंडोज ७चं रिलीज कँडिडेट, बिल्ड ७१००, १ मार्च २०१० पासून दर दोन तासांनी बंद पडायला लागलं आणि १ जून २०१० ला त्याची मुदत संपली. पूर्ण झालेलं विंडोज ७ म्हणजे ७६००, आणि सर्व्हिस पॅक १ म्हणजे ७६०१. घड्याळ मागे नेऊन मुदत ढकलायचा सल्ला काही जण देतात. तसं करू नका. घड्याळ चुकलं की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं जुळत नाहीत, आणि तुमच्या व्यापाऱ्याचं जीएसटी पोर्टल आणि बँक दोन्ही अडतील.

दुसरा रस्ता बिल्ड क्रमांक. विंडोज १०चा शेवटचा २२एच२ म्हणजे १९०४५. विंडोज ११मध्ये २१एच२ म्हणजे २२०००, २२एच२ म्हणजे २२६२१, २३एच२ म्हणजे २२६३१, २४एच२ म्हणजे २६१०० आणि २५एच२ म्हणजे २६२००. यातला नसलेला, मधलाच एखादा क्रमांक पेन ड्राइव्हच्या माहितीपत्रकात दिसला तर हात आखडता घ्या. उदाहरणार्थ २२५६३ हे फक्त इन्सायडरांना दिलेलं बिल्ड होतं.

तिसरा रस्ता बिल्डची लांब ओळ. ती रजिस्ट्रीत ‘बिल्डलॅबईएक्स’ या नावाने असते. विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ची ओळ वाचून दाखवतो: ७६०१, मग १७५१४, मग ‘एएमडी६४एफआरई’, मग ‘विन७एसपी१_आरटीएम’ आणि शेवटी १०१११९-१८५०. पहिला बिल्ड, दुसरा त्याची आवृत्ती, तिसरा आर्किटेक्चर, चौथी शाखा (कामाच्या कुठल्या फांदीतून ते बिल्ड निघालं), आणि शेवटी तारीख-वेळ, म्हणजे १९ नोव्हेंबर २०१०, संध्याकाळी ६.५०. शाखेत ‘प्रीरिलीज’ असेल तर प्रश्नच मिटला. पण शाखेत नुसतं ‘रिलीज’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. वर सांगितलेलं २२५६३ आणि पूर्ण झालेलं २२६२१ दोन्ही एकाच ‘एनआय_रिलीज’ शाखेतून आलेत. शाखा आणि क्रमांक दोन्ही बघायचे.

जुन्या डीव्हीडींवर डिस्कचं लेबलही बोलतं. विंडोज ७ची बीटा डिस्क ‘जीबी१’ने सुरू व्हायची, रिलीज कँडिडेट ‘जीआरसी१’ने, पूर्ण झालेली ‘जीआरएम’ने. मात्र लेबल कुणीही बदलू शकतं, त्यामुळे तो दुय्यम पुरावा. चाचणीच्या बिल्डवरून अपग्रेड होऊ द्यायचा का हे सेटअप कसं ठरवायचा, त्याची खूणही तिथे होती. ‘सोर्सेस’मधल्या ‘सीव्हर्जन.आयएनआय’ फाइलमध्ये ‘मिनक्लायंट’ नावाचा किमान बिल्ड क्रमांक असायचा, त्याच्याखालचं चाचणीचं बिल्ड सेटअप नाकारायचा.

लिनक्स टाकणाऱ्यांसाठी दोनच वाक्यं. उबुंटूच्या आयएसओत (इन्स्टॉल डिस्कची पूर्ण प्रत असलेल्या फाइलीत) ‘डॉट डिस्क’ फोल्डरातली ‘इन्फो’ फाइल आवृत्ती आणि ती ‘रिलीज’ आहे की बीटा हे सांगते. फेडोराच्या इन्स्टॉलरमध्ये ‘बिल्डस्टॅम्प’ फाइलीत ‘इजफायनल’ अशी नोंद असते, आणि ती नकारार्थी असेल तर इन्स्टॉलर सुरुवातीलाच हे चाचणीचं सॉफ्टवेअर आहे अशी सूचना दाखवतो. विंडोजच्या सेटअपनेही असं ठळक विचारलं असतं तर आपलं निम्मं काम वाचलं असतं.

व्यापाऱ्याच्या डेस्कटॉपचा बिल्ड क्रमांक तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून दोन रस्ते सांगतो. ‘विनव्हर’मधला क्रमांक सध्याच्या पूर्ण झालेल्या आवृत्तीपेक्षा लहान असेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून त्याच भाषेचा ताजा आयएसओ घ्या, चालू विंडोजमधूनच त्याचा सेटअप चालवा आणि फाइली व ॲप ठेवायचा पर्याय निवडा. बिल्ड पुढे सरकलं की खूण जाते, प्रो आणि ॲक्टिव्हेशन टिकतं. क्रमांक मोठा असेल, म्हणजे इन्सायडरच्या डेव्ह किंवा कॅनरी या गटांचं पुढचं बिल्ड असेल, तर मागे येताना सेटअप काहीही ठेवू देत नाही, स्वच्छच टाकावं लागतं. मशीन एकदा त्याच प्रोने ॲक्टिव्हेट झालेलं असल्यामुळे नव्याने टाकताना ‘माझ्याकडे की नाही’ निवडा आणि यादीतून प्रो घ्या. इंटरनेट जोडल्यावर ते स्वतःहून ॲक्टिव्हेट होईल. त्यानंतर सेटिंग्जमधलं विंडोज इन्सायडरचं पानही उघडून बघा. जुन्या खात्याची नोंद तिथे शिल्लक असेल तर ती बंद करा, नाहीतर अपडेटमधून चाचणीचं बिल्ड परत येईल.

कुठलाही रस्ता घ्या, सेटअपला हात लावण्याआधी टॅलीचा डेटा फोल्डर वेगळ्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या मशीनवर उघडून हिशेब दिसतो का ते व्यापाऱ्यालाच बघू द्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी मिळवा. सौद्याच्या आठवड्यात हे काम काढू नका. ‘विनव्हर’मधल्या मुदतीच्या तारखेला अवकाश असेल तर सौदे उरकू द्या आणि मग मशीन दुकानात बोलवा. मुदत जवळ आली असेल तर मात्र आज संध्याकाळीच बॅकअप घ्या.